खोकल्यानं पास झालेला कागद

बसा हो, बसा. ती खुर्ची नको, तिचा एक पाय आखूड आहे, ही घ्या. आतून लायब्ररियन बाईंची हाक येईपर्यंत चांगला अर्धा तास आहे तुमच्याकडे, आणि नुसतं भिंतीकडे बघत बसण्यात काय मजा? तोवर एक गोष्ट सांगतो. याच लायब्ररीतली, त्या काचेमागच्या खोलीतली. ज्याची आहे त्यानंच मला सांगितलीय. सांगताना तो सगळा वेळ खिडकीकडे बघत होता, माझ्याकडे नाही. त्यावरून काय ते समजा.

काउंटरवर तो टक्कल पडलेला, चष्मा कपाळावर चढवलेला माणूस दिसला ना येताना? त्याला सगळं कॉलेज कॅटलॉग म्हणतं. एकतीस वर्षं झाली त्याला त्या काउंटरवर. शिक्षण दहावी, तीही दुसऱ्या खेपेला. पण कुणी येऊन नुसतं म्हणावं, "ते पुलांवरचं पुस्तक, नाव आठवत नाही," की हा मान वर न करता सांगणार, "तिसरं कपाट, खालून दुसरा खण, निळी पाठ, कोपरा उंदरानं खाल्लाय." एकतीस वर्षांत एक माणूस रिकाम्या हातानं परत पाठवला नाही, ही त्याची ऐट. आणि ऐट खरी होती, त्यात वाद नाही.

मग आलं ते ऑनलाइन. जुनी मासिकं, संशोधनाचे लेख, सगळं कॉम्प्युटरच्या पोटात गेलं. डेटाबेस म्हणतात त्याला. लाखो लेख, पण कपाट नाही, खण नाही, पाठही नाही. पोरं यायची, स्क्रीनसमोर बसायची, दहा मिनिटांत वैतागून उठायची. तेव्हा नवीन लायब्ररियन बाई आल्या होत्या. वयानं कॅटलॉगच्या मुलीएवढ्या, बारीक चणीच्या, पण कामाला वाघ. त्या म्हणाल्या, "काका, हे कसं वापरायचं याचा एक कागद करायचाय. दहा पायऱ्या, साध्या भाषेत. मी लिहिला तर पुस्तकी होईल. तुम्ही लिहा."

आता अशा माणसाला कुणी आयुष्यात पहिल्यांदा 'तुम्ही लिहा' म्हटल्यावर काय होणार? कॅटलॉगची छाती फुगली. पंधरा दिवस खपला. स्वतः डेटाबेस शिकला, रोज तासभर बसून. बोटं अशी सरावली की डोळे मिटून लेख काढायचा. आणि मग कागद लिहिला. 'पायरी पहिली, इथे नाव घाला. पायरी दुसरी, पासवर्ड घाला.' अशा दहा. सहावी पायरी होती: 'हव्या त्या लेखावर क्लिक करा, लेख उघडेल.' ही सहावी लक्षात ठेवा. सगळं रामायण तिथंच आहे.

प्राचार्यांनी कागद बघितला आणि म्हणाले, "छान! खाली यांचं नाव टाका." म्हणजे 'लेखन' असं लिहून त्यापुढे त्याचं नाव. एकतीस वर्षं दुसऱ्यांची नावं पुस्तकांच्या पाठीवर वाचणाऱ्या माणसाचं नाव छापून येणार!

पण बाई म्हणाल्या, "छापायच्या आधी तपासायचं. पाच माणसं आणायची, ज्यांनी हे कधी वापरलेलं नाही अशी. एकेकाला बसवायचं, हातात कागद द्यायचा, एक लेख शोधून काढ म्हणायचं. मी समोर बसून टिपणार कोण कुठे अडतं. काका, तुम्ही मागे बसा. पण तोंड शिवून. माणूस अडला तरी एक शब्द नाही. आपण माणसाची परीक्षा घेत नाही, कागदाची घेतोय."

"अहो बाई, मी कशाला बोलतोय?" कॅटलॉग म्हणाला. आणि खरंच, शब्द तो एकही बोलला नाही.

पहिला आला वॉचमन. गडी उंचापुरा, मिशीवाला, पण माउस असा धरला की जणू विंचू. पाच पायऱ्या निघाल्या. सहावीला क्लिक केलं, तर स्क्रीनवर आलं: 'आपणास हा लेख पाहण्याची परवानगी नाही.' त्यानं दुसऱ्या लेखावर केलं. परवानगी नाही. तिसऱ्यावर केलं. तेच. कान लाल झाले बिचाऱ्याचे. एवढा दांडगा माणूस, पण शाळेत उभं केलेल्या पोरासारखा दिसायला लागला. मागे बसलेल्या कॅटलॉगच्या तेव्हा डोक्यात लखकन प्रकाश पडला. डाव्या बाजूला एक एवढासा चौकोन असतो, 'फक्त पूर्ण लेख' असा. त्याच्यावर टिक केली तरच कॉलेजनं घेतलेले लेख तेवढे समोर येतात. नाही तर नुसती नावं दिसतात आणि उघडायला गेलं की परवानगी नाही. तो स्वतः ती टिक रोज करत होता, पण हातानं. डोक्यापर्यंत ती कधी पोचलीच नव्हती, त्यामुळे कागदावरही उतरली नव्हती.

आता सरळ मार्ग होता. उठायचं आणि म्हणायचं, बाई, थांबवा, माझी एक ओळ राहिली. पण समोर वॉचमनचे लाल कान, शेजारी बाईंचं घड्याळ, आणि प्राचार्यांच्या टेबलावर त्याचं नाव घातलेला मजकूर. कॅटलॉग खोकला.

माउस थांबला. परत हलला. चुकीकडे गेला की 'खु खु', बरोबर दिशेला गेला की नुसता घसा साफ, 'हं'. माणसाचं डोकं, हो, त्याला कुणी शिकवावं लागत नाही. अर्ध्या मिनिटात वॉचमन त्या चौकोनावर पोचला, टिक झाली, लेख उघडला. वॉचमन खूश, बाई खूश.

दुसरी आली वसतिगृहातली स्वयंपाकीण, मग फर्स्ट इयरची एक मुलगी, मग खेळाचे सर, शेवटी वायरमन. सगळे सहावीला अडले आणि सगळे खोकल्यावर सुटले. वायरमन तर जाता जाता डोळा मारून गेला. आणि बाई? नवीन होत्या, भोळ्या होत्या, मान खाली घालून लिहीत होत्या. तिसऱ्या माणसानंतर उठल्या आणि खिडकी लावली. "काका, सर्दी झालीय तुम्हाला. आणि तरी बसलाय." पर्समधून खोकल्याच्या गोळ्यांचं पाकीट काढून दिलं. चौथ्यानंतर स्वतः जाऊन गरम पाणी आणलं. कॅटलॉगनं गोळी तोंडात टाकली. आंबट होती, तो सांगतो. अजून तिची चव जिभेवर येते म्हणतो.

निकाल लागला पाचपैकी पाच. कागद छापला, प्लॅस्टिकमध्ये घालून लॅमिनेट केला, बावीस टेबलांवर बावीस चिकटवले. बाईंनी वर अहवाल पाठवला, तर आणखी तीन कॉलेजांनी मागणी केली की आम्हालाही द्या.

त्या रविवारी त्याच्या घरी जेवायला धाकटी होती. त्याची लहान बहीण, दोन गल्ल्या पलीकडे राहते, शिलाईचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, एक अरुंद खोली, दोन मशिनं, बटणांच्या बरण्या, मापं घ्यायला एक पडदा. हुशार होती लहानपणी, याच्यापेक्षा कितीतरी. पण आई अंथरुणाला खिळली तेव्हा घरात कुणीतरी थांबायला हवं होतं, आणि थांबली ती. आठवीत दप्तर खुंटीला लावलं ते लावलंच. हा मात्र शाळेत जात राहिला, आणि नापास होत राहिला. पुढे तिचं लग्न झालं, नवरा गेला, मुलगी नोकरीला लागली, तेव्हा ही बया म्हणाली, आता माझी पाळी. बाहेरून बसून दहावी काढली, बारावी काढली, आणि बेचाळिसाव्या वर्षी याच कॉलेजात संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं.

तर जेवताना कॅटलॉग रंगात आला. "पाचपैकी पाच! स्वयंपाकीणबाईंनासुद्धा जमलं. शेंबड्या पोराला कळेल असा लिहिलाय. ज्याला तो कागद कळणार नाही ना, त्यानं परत पहिलीत जाऊन बसावं!"

बायको म्हणाली, "पुरे हो, भात गार होतोय."

धाकटी हसली. "दादा, आता तुझी सही घ्यायला रांग लागेल बघ." हसता हसता त्याला वाढत होती. त्यानं दोनदा भात घेतला. हेही तो विसरत नाही.

महिना झाला. पोरं सहावीला अडून काउंटरवर आली की हाच गुपचूप जाऊन टिक करून द्यायचा. एके दिवशी बायको म्हणाली, "अहो, धाकटी कॉलेज सोडतेय. तुम्हाला सांगू नको म्हणाली, म्हणून सांगतेय."

गेला तसाच दुकानात. ती एका पँटची चेन बदलत होती, मान वर केली नाही.

"काय ऐकतोय मी?"

"काम वाढलंय रे दादा. झेपत नाही."

"काम तुला कधी झेपलं नाही? थापा मारतेस?"

"मग नाही डोकं. झालं समाधान?" दोरा दातांनी तोडला तिनं. "काहींना देव डोकं देतो, काहींना हात देतो. मला हात दिलेत, माझं भागतंय."

मशिनशेजारी तिची वही उघडी होती. कॅटलॉगनं सवयीनं वाचलं. त्याला काहीही समोर दिसलं की वाचतोच तो. तर वहीत त्याचाच कागद होता. तिनं दहाच्या दहा पायऱ्या हातानं उतरवून घेतल्या होत्या, घरी पाठ करायला. शिक्षकांनी कापसाच्या धाग्यावर रंग कसा धरतो यावरचे तीन लेख वाचून या म्हणून सांगितलं होतं. पहिल्या पाच पायऱ्यांपुढे सुबक खुणा. सहावीपुढे एक तारीख, आणि लिहिलेलं: 'परवानगी नाही.' त्याखाली दुसरी तारीख. 'परवानगी नाही.' त्याखाली तिसरी.

तीन संध्याकाळी ती येऊन बसली होती. याची काउंटरवरची पाळी संपल्यावर, मुद्दाम, याला दिसू नये म्हणून. कुणाला विचारलंही नव्हतं. कसं विचारणार? शेंबड्या पोराला कळतं ते मला कळत नाही, असं कोण विचारेल? आणि मशीन तिला सांगत होतं ते तिनं अगदी खरं मानलं होतं. आठवीतून घरी बसलेल्या बाईला परवानगी नसणार, बरोबरच आहे.

कॅटलॉगला सगळं कळलं. नुसतं तोंड उघडायचं होतं. आणि हा माणूस काय म्हणाला ठाऊक आहे? म्हणाला, "बरं. बघू." आणि दुकानातून बाहेर पडला.



दुसऱ्या दिवशी सकाळी लायब्ररी उघडायच्या आधी आला. हातात काळा मार्कर. म्हटलं, गुपचूप दुरुस्ती करून टाकू. धाकटीला सांगू, परत एकदा बघ, तेव्हा मशीनच बिघडलेलं असेल. टेबलाटेबलावर वाकून कागदावर पाचव्या-सहाव्याच्या मध्ये लिहीत गेला, 'डावीकडच्या चौकोनावर टिक करा.' बावीस टेबलं. कंबर मोडली. बाविसावं संपेपर्यंत लायब्ररी उघडली होती, आणि मागे वळून बघतो तर काय, पहिल्या टेबलावरची मुलगी कोपर कागदावर टेकून बसलीय आणि तिच्या बाहीला काळं लागलंय. लॅमिनेट केलेल्या कागदावर शाई बसते होय? पुसून गेली सगळी. खाली त्याचं छापलेलं नाव तेवढं लख्ख.

"काका, हे काय हो?" मुलगी बाही दाखवत म्हणाली.

"माझं पाप आहे बाळ," तो म्हणाला, "साबणानं जाईल." आणि सरळ बाईंच्या केबिनमध्ये गेला.

बाई कुठलीशी पार्सलं बांधत होत्या. तीन गठ्ठे, तीन कॉलेजांचे. वरच्या गठ्ठ्यावर त्याचाच कागद.

"बाई," तो म्हणाला, "मला सर्दी नव्हती."

त्यांना काही उमगेना. "केव्हा काका?"

"तेव्हा. ती पाच माणसं आली होती तेव्हा. मी खोकलो ते... मला सर्दी नव्हती."

मग त्यानं सगळं सांगितलं. चौकोन, टिक, खु खु आणि हं. वायरमननं मारलेला डोळासुद्धा सोडला नाही. बाईंच्या हातातली सुतळी तशीच राहिली. रागावतील, ओरडतील म्हणून तो खांदे आवळून उभा होता. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मी तुम्हाला पाणी आणून दिलं होतं, काका."

"हो."

"चार गोळ्यांचं पाकीट दिलं होतं."

"पाच," तो म्हणाला. आता खोटं बोलायची ताकदच उरली नव्हती.

बाईंनी फोन उचलला आणि त्याच्यादेखत तिन्ही कॉलेजांना लावला. "कागद पाठवत नाहीये. आमच्या चाचणीत चूक झाली." तीनदा 'आमच्या' म्हणाल्या, 'काकांच्या' एकदाही नाही. चौथा फोन प्राचार्यांना. तिकडून बरंच काही ऐकून घेतलं, मान हलवत, आणि तिथंही नाव घेतलं नाही. कॅटलॉग म्हणतो, त्या चार फोनांपेक्षा मला चार मुस्कटात बसल्या असत्या तर मी सुखी झालो असतो.

फोन ठेवून म्हणाल्या, "पाच नवीन माणसं हवीत. आणि कागद आहे तसाच ठेवायचा, एक अक्षर बदलायचं नाही. तो कुठे नापास होतो ते माझ्या डोळ्यांनी बघायचंय मला. पहिलं कोण आणताय?"

"माझी बहीण," तो म्हणाला. "पण ती आधीच अडलीय तिथं. तीन संध्याकाळी."

बाईंनी वही पुढे ओढली. मग हळूच म्हणाल्या, "मग तर तीच हवी."

दुकानात गेला तेव्हा धाकटी काज करत होती. ह्या वेळी त्यानं 'बघू' म्हटलं नाही. पडद्याला धरून उभ्या उभ्याच सांगून टाकलं. ती ऐकत होती, आणि सुई तशीच कापडात उभी.

"म्हणजे," ती म्हणाली, "तुझा कागद चुकला होता."

"हो."

"तुला तेव्हाच कळलं होतं."

"हो."

"आणि त्या रविवारी, पहिलीत जाऊन बसा म्हणालास, तेव्हाही कळलेलं होतं."

त्यावर त्यानं नुसती मान हलवली.

"परवा इथं येऊन वही वाचलीस. तेव्हा?"

"धाकटे, तेव्हा मला..."

"गप." सुई काढून तिनं पिनकुशनला खोचली. "दादा, मी तीन संध्याकाळी घरी जाताना स्वतःला काय काय म्हणत गेले ठाऊक आहे तुला? तसं मला कधी कुणी बोललं नाही. तुझा मेहुणासुद्धा नाही. ते सगळं मी मला बोलले. तुझ्या एका ओळीपायी."

तो उभाच होता. एकतीस वर्षं कुणाला रिकाम्या हातानं न पाठवलेला माणूस.

"वहिनीसमोर बोलला होतास," ती म्हणाली, "वहिनीसमोरच सांग. जेवायला बसल्यावर. आणि भात वाढायच्या आधी."

सांगितलं. त्याच टेबलाशी, बायकोसमोर, भात वाढायच्या आधी. बायको त्यावर एवढंच म्हणाली, "आणि मी तुमच्या छातीला मलम चोळत होते!" कारण घरीही सर्दीची थाप मारून झाली होती ना! धाकटी तेव्हा पहिल्यांदा हसली. थोडंसंच, पण हसली. "येईन म्हणावं तुझ्या बाईंना. परत नापास व्हायला बोलावतोस, तर येते. फक्त तू हूं की चूं करायचं नाहीस."

काचेमागची खोली. समोर बाई, घड्याळ, वही. मागच्या खुर्चीवर कॅटलॉग, हात मांडीखाली दाबून. धाकटी बसली. पाच पायऱ्या झराझर गेली, पाठच होत्या. सहावी. क्लिक. 'आपणास हा लेख पाहण्याची परवानगी नाही.'

तिचे खांदे पडलेले त्याला मागून दिसले. तिला तर माहीत होतं चूक कागदाची आहे म्हणून. तरी पडले. ते दोन शब्द दिसले की आपोआप पडतात ते. तिनं दुसरा लेख बघितला, तिसरा बघितला. डावीकडच्या चौकोनाजवळून माउस दोनदा गेला, अगदी काठावरून. कॅटलॉगचा घसा खवखवायला लागला. आणि हो, त्या वेळी खरंच खवखवत होता! त्यानं दात आवळले. कपाळावर घाम. बाईंनी एकदा त्याच्याकडे बघितलं, परत खाली बघितलं. नऊ मिनिटं. आयुष्यात त्यानं आईच्या उशाशी बसून रात्री काढल्यात, पण एवढा वेळ कधी लांबला नव्हता म्हणतो.

शेवटी धाकटीनं माउस सोडला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "अडले."

"कुठे?" बाईंनी विचारलं.

"सहावीला. ह्या कागदात माप दिलंय, पण टेप कुठं धरायची तेच दिलेलं नाही. शिवणार कसं?"

बाईंनी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. मग हळूच पुढे होऊन त्यांनी चौकोन दाखवला. टिक झाली, आणि कापसाच्या धाग्यावरचा लेख उघडला, अठरा पानांचा. धाकटी तिथंच वाचायला लागली. भाऊ मागे बसलाय, बाई समोर बसल्यात, काही भान नाही. दहा मिनिटांनी मान न वळवता म्हणाली, "दादा, खोक आता हवं तर." पण त्याला तेव्हा खोकताही येईना.

तर असं आहे ते. जुने बावीस कागद खरवडून काढले, त्यानंच, पत्र्याच्या पट्टीनं. नवीन कागदावर अकरा पायऱ्या आहेत, आणि खाली नाव नाही. त्यानं हट्टानं काढायला लावलं. तुम्ही आज आलात ते ह्या नवीन कागदासाठी. धाकटी जुन्या कागदावर अडली, तेवढं बाईंना पुरलं; नवीन कागदाच्या पाच माणसांत तुम्ही पाचवे. आत गेलात की मागच्या खुर्चीवर तोच बसलेला असेल, हात मांडीखाली घालून. माझ्यासाठी एवढं करा. अडलात तर लाजू नका, उगाच हसून वेळ मारून नेऊ नका, 'जमलं जमलं' म्हणून उठू नका. धाकटीसारखं खणखणीत 'अडलो' म्हणा, त्याला ऐकू जाईल असं. त्याला ते ऐकायला हवंय हो.